महापौरांच्या बायकोचं मत

तिचं चष्म्याचं दुकान होतं आणि नवरा शहराचा महापौर. दोन वेळा निवडून आला होता, आता तिसऱ्यांदा उभा होता. समोर होते मुलांचे डॉक्टर, ज्यांनी तिच्या लेकीला लहानपणी न्यूमोनियातून बाहेर काढलं होतं.

मतदानाला आठवडा उरला असताना तेच डॉक्टर दुकानात आले. सभेतल्या रेटारेटीत चष्म्याची काडी निखळली होती.

"दुसरीकडे जाणार होतो, वहिनी. पण लोक म्हणाले असते, डॉक्टर घाबरले."

ती हसली आणि स्क्रू बसवू लागली. डॉक्टर काउंटरला टेकून म्हणाले, "मत मागत नाही तुमच्याकडे. पण पुलापलीकडचा पालिकेचा दवाखाना बंद झाल्यापासून आया तापलेली पोरं घेऊन दोन बस बदलतात. हे पटतं तुम्हाला?"

तिला नव्हतं पटत. जेवताना तिने नवऱ्याजवळ विषय काढला.

"आता तूही?" त्याने घास तसाच ठेवला. "अगं, तिथे जायला एकही डॉक्टर तयार नव्हता. कुलूप लावू नको तर काय करू? त्यांना विचार, तुम्ही का नाही गेलात?"

हेही खरंच होतं. दुकानात डॉक्टर बरोबर वाटायचे, घरी नवरा. दिवसभर ती गिऱ्हाइकांना विचारायची, "या काचेतून नीट दिसतं की त्यातून?" आणि कुणी "दोन्ही सारखंच" म्हणालं की वैतागायची. त्या आठवड्यात मात्र ती कुणावर वैतागली नाही.

मतदानाच्या दिवशी दोघांनी जोडीने फोटो काढून घेतले. मग ती एकटी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली आणि शिक्का डॉक्टरांच्या नावापुढे मारून बसली. दवाखान्यासाठी? लेकीसाठी? की नवरा एकदाचा घरी बसावा म्हणून? तिचं तिलाच उमगेना. बाहेर नवऱ्याने तिचा हात धरला.

नवरा निवडून आला, अगदी थोडक्यात. घर माणसांनी भरलं. नणंदेने मिठी मारली, लेक नाचली, आणि तिच्याही डोळ्यांना धारा लागल्या. आनंदाच्याच. आपण आनंदात का आहोत, ते काही तिला कळेना.

संध्याकाळी नवरा स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला. बूट काढून पाय चोळत म्हणाला, "यावेळी पडणार असं वाटत होतं. आणि खरं सांगू? जरा बरंही वाटत होतं."

"मग उभे कशाला राहिलात?"

"तू नको म्हणाली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

त्याने दुसरा पाय चोळायला घेतला. तिला राहवलं नाही. "अहो, मी तुम्हाला मत नाही दिलं."

"डॉक्टरांना?"

"हो."

"का गं?"

"शप्पथ, मलाच कळत नाहीये."

तेवढ्यात बाहेरून हाका आल्या, "साहेब, गॅलरीत या! वहिनींनाही आणा!"

त्याने बूट चढवले, तिला पुढे घातलं. खाली गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला. दोघांनी हात हलवले. चेहऱ्यावरचं हसू जराही ढळू न देता तो पुटपुटला, "रागवायचं की नाही, ते उद्या ठरवतो."

"ठरवा," ती म्हणाली आणि हात हलवत राहिली.