आत्यांची छत्री आणि माझा फाटका पडदा

मी एक जुना स्पीकर आहे आणि मित्रांनो, आधीच कबूल करतो, दोन वर्षं मी खोटं बोललो. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

माझी पेटी लाकडी. वर बारीक आवाजाचा छोटा पडदा, खाली जाड आवाजाचा मोठा. एका शिवणवर्गात मी बारा वर्षं गाणी ऐकवली. तेव्हा माझी काय ऐट होती! वर्ग बंद झाला आणि तिथे शिकवणाऱ्या बाईंनी मला घरी आणून भाचीच्या टेबलावर ठेवलं. त्या तिच्या आत्या, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणतो.

भाचीला घरात सगळे खटखट म्हणतात, कारण ती जेवतानाही ताटावर ठेका धरते. दिवसा ती लाँड्रीत काम करते. तिथल्या मशीनची घरघर, चेन ओढल्याचा आवाज, इस्त्रीची फुस्स, असं काय काय ती फोनमध्ये भरून आणते आणि त्यातून हिप-हॉपचे ठेके रचते. शब्द नाहीत, नुसतं संगीत. तीन वर्षांत तिने ते कोणालाच ऐकवलं नव्हतं. शेवटी धीर करून तिने पाच ठेक्यांचा डेमो करायला घेतला आणि रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये वीस जणांना बोलावलं.

आता माझं पाप ऐका. दोन वर्षांपूर्वी टेबल आवरताना आत्या वळल्या आणि काखेतली छत्री माझ्या मोठ्या पडद्यात घुसली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जखमेला लावायची पट्टी फाटक्या जागी चिकटवली, वर जाळी बसवली आणि गप्प राहिल्या. माझा जाड आवाज गेला तो गेलाच. खटखटला वाटायचं, आपल्या ठेक्यातच दम नाही. ती ढमढम वाढवायची, मी फुसफुसायचो, ती आणखी वाढवायची. अगं, दोष माझ्यात आहे, असं ओरडून सांगावंसं वाटे. पण दुसऱ्याने आत घातलेलंच माझ्या तोंडून बाहेर येतं.

शनिवारी सकाळी आत्या आमच्या खोलीत चारदा येऊन गेल्या. दर वेळी माझ्या जाळीकडे बघायच्या आणि परत जायच्या. खटखट डोकं धरून बसली होती.

"आत्या, मला जमतच नाहीये गं. उद्याचं रद्द करते. सगळ्यांना निरोप पाठवते."

आत्या मटकन खुर्चीत बसल्या. "रद्द करू नकोस. तुझं काही चुकलेलं नाही. त्या स्पीकरला माझी छत्री लागलीय."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

खटखटने जाळी काढली आणि पट्टीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता माझी रवानगी भंगारात. ती एवढंच म्हणाली, "दोन वर्षं मी स्वतःला बिनडोक समजतेय, आत्या."

मग तिने खिडकीखाली उभ्या असलेल्या तिच्या दादाच्या बेकरीच्या गाडीत डेमो लावला. तिथले स्पीकर धडधाकट, त्यामुळे वाढवून ठेवलेल्या ढमढमने गाडीचे दरवाजे थरथरले, मागचे ट्रे खणखणू लागले, समोरच्या काकांनी बाहेर येऊन विचारलं, काय पडलं म्हणून. मला पेटीत तोंड लपवावंसं वाटलं. दुपारभर दोघी गाडीत होत्या. खटखट ढमढम कमी करत होती आणि ट्रेवर हात ठेवून बसलेल्या आत्यांचा आवाज वरपर्यंत येत होता, "अजून हलतोय. अजून हलतोय."

रविवारी मला कोणी नेलं नाही. दुपार सरता सरेना. संध्याकाळी दोघी आल्या आणि खटखटने हॉलमधला कार्यक्रम फोनमध्ये भरून आणला होता, तो माझ्यातून लावला. पाचवा ठेका संपला. मग माझ्याच फाटक्या पडद्यातून एक अनोळखी आवाज आला, "पहिला पुन्हा लावता का?"

आत्यांनी डोळे पुसले. खटखट टेबलावर ठेका धरून बसली होती.

मित्रांनो, तुमच्या हातून एखादी वस्तू बिघडली, तर त्याच दिवशी सांगा. आम्हाला आमचं दुखणं बोलता येत नाही, आणि तुम्ही गप्प राहिलात की तिसरंच कोणीतरी स्वतःला दोष देत बसतं.