खोक्यातला मोजा

स्पीकरचा खोका वीतभर उंच, दोन्ही कुशी फुगीर, अंग आखडून बसलेल्या पारव्यासारखा. मुलाने अशी जोडी वर्षभर खपून घडवली होती. आतल्या भिंती त्याने मुद्दाम तिरक्या ठेवल्या होत्या. "समोरासमोर आल्या की आवाजात भांडण लागतं," तो म्हणायचा. "जावा-जावांसारखं."

"माझी जाऊ गुणाची आहे," बायको म्हणायची. "दुसरी उपमा शोध."

स्पीकर होते बाबांसाठी. आई गेली तेव्हा मागे तिच्या गाण्याची एकच टेप राहिली. घरातल्या जुन्या, दांडग्या सेटवर ती लावली की बाबा तोंड फिरवायचे. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, माप चुकलेलं त्यांना खपायचं नाही. "ही ती नव्हे. कुणीतरी गोधडीखालून गातंय." पुढे त्यांनी टेप ऐकणंच सोडलं. मुलाला एवढंच हवं होतं, एकदा त्यांनी म्हणावं: हीच ती.

मुलाच्या छोट्या कारखान्यात, खोलीच्या मधोमध स्टँडवर, खोके नितळ वाजले होते. आज ते बाबांच्या खोलीत आले आणि अरुंद फळीवर भिंतीला जवळजवळ पाठ टेकून बसले. बाबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, जणू ऐकायलाही तो लागतो.

टेप सुरू झाली. घुम्म, घुम्म. आई रांजणात तोंड घालून गात होती.

"एवढासा जीव," बाबा म्हणाले, "आणि ढेकर केवढा."

मुलाचा चेहरा उतरला. त्याने खोक्यामागे हात घातला. मागच्या गोल भोकातून तळव्यावर फुंकर येत होती. कारखान्यात त्या भोकामागे मोकळी खोली होती; इथे भिंत.

"काय झालं?" सुनेने विचारलं.

"याला मागेही तोंड आहे, आणि ते भिंतीशी बोलत बसलंय."

"मग बंद कर की ते." तिने बाबांच्या खणातून लोकरी मोज्यांची जोडी काढली. "घेऊ का, बाबा?"

"घे. धुतलेले आहेत."

एकेका भोकात एकेक मोजा गेला. टेप पुन्हा लागली.

आता आधी श्वास आला. मग बांगडी किणकिणली, मग सूर, सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखा बारीक. आणि सुरामागे, दूर कुठेतरी, टकटक टकटक.

"स्क्रू ढिला राहिला वाटतं," मुलगा पुटपुटला आणि उठू लागला.

"बस खाली," बाबा म्हणाले. त्यांचा उजवा पाय जमिनीवर हलत होता. "ते मशीन आहे माझं. मी शिवत होतो पलीकडे."

शेवटच्या ओळीआधी टकटक थांबली. आईने एक श्वास घेतला, ओळ उचलली, आणि मशीन पुन्हा चालू झालं.

"नेहमी मागे राहायची," बाबा म्हणाले. "ती येईपर्यंत पाय थांबवायला लागायचा. हीच ती. पुन्हा लाव."

"आणि मोजे?" सुनेने विचारलं. "पाय गारठतील तुमचे."

"राहू देत तिथेच. पायांना काम लागलंय."