दोन गावांचं एकच गिऱ्हाईक

नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीला गावोगावच्या दुकानांतली बिलं एका जागी जुळवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. ते पारखायचं काम माझ्याकडे आलं. विकणाऱ्या कंपनीची साक्षी ते दाखवायला आली. चाचणीसाठी गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर झाकलेले होते, फक्त गावं दिसत होती.

सॉफ्टवेअरनं आष्टीचं एक आणि घनसावंगीचं एक गिऱ्हाईक एकच ठरवलं. मी उखडलो.

“एकच माणूस दोन तालुक्यांत कपाशी लावतो का? असला कचरा आमच्या गळ्यात मारू नका. लावा त्याला फोन, स्पीकरवर!”

बिचारीनं झाकलेल्या नंबरावर थेट फोन लावणारं बटण दाबलं, आमच्या कंपनीचं नाव सांगितलं आणि विचारलं.

“दोन्ही मीच, ताई.” आवाज माझ्या वडिलांचा होता. “आष्टीचं घरचं, अन् घनसावंगीला दुसऱ्याचं वावर बटईनं करून राह्यलो. पण तुमच्या हापिसात आमचा हरिओम हाय, त्याला बिलकुल सांगू नका. बापाला आरामात बसवलंय म्हणून समद्यांना सांगतो तो. त्याला खाली पाहावं लागंल.”

सांगतो खरं मी तसं. रुबाबात सांगतो.

फोन बंद झाला. माझे कान तापले होते. साक्षीला माझं फक्त आडनाव माहीत होतं.

“सॉफ्टवेअर बरोबर निघालं, सर,” ती हळूच म्हणाली. “हे हरिओम कोण आहेत तुमच्याकडे?”

“विचारून सांगतो,” मी म्हणालो.