चौदा इंचांची नळी

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी उर्होचा खांदा उघडून परत शिवला आणि बजावलं, की रायफलचा दस्ता या खांद्याला पुन्हा टेकवायचा नाही. माझ्या भावाने ते निमूट ऐकून घेतलं. मला घोर लागला तो तिथेच, कारण उर्होने जन्मात कुणाचं निमूट ऐकलेलं नाही.

खरं दुखणं खांद्याचं नव्हतंच. त्याआधीच्या नोव्हेंबरात खांदा ठणकत असताना हा हट्टाने मचाणावर बसला. हरणाच्या एका मादीवर तीन गोळ्या झाडल्या, आणि ती जखमी होऊन पळाली. दोन दिवस आम्ही दलदलीत रक्ताचे थेंब शोधत फिरलो. आमच्याआधी ती डोमकावळ्यांना सापडली. सौनात, आमच्या वाफेच्या खोलीत, घाम पुसता पुसता उर्हो म्हणाला, "आयली, आणखी एक जनावर असं गेलं, तर मी कॅम्प विकून टाकणार."

कॅम्प म्हणजे बाबांनी ओंडक्यांची बांधलेली झोपडी. आमच्याकडे पंधरा नोव्हेंबरला शिकार सुरू होते, शाळासुद्धा बंद असतात. त्या दिवशी त्या झोपडीत मी एकटीने कॉफी प्यायची, ही कल्पनाच मला सहन होईना. शिकार मिळो न मिळो, मला माझा भाऊ तिथे हवा होता.

म्हणून मीच त्याच्या डोक्यात एकाच गोळीच्या शिकारी पिस्तुलाचं खूळ भरवलं. ते मधोमध उघडतं, एक काडतूस घालायचं, मिटायचं. मूठ आणि चाप कायम, नळी मात्र हवी ती चढवायची. जशी नळी तसं काडतूस. मी बरीच वर्षं तेच वापरते, तेव्हा या विषयात घरात माझा शब्द शेवटचा. निदान माझी तशी समजूत होती.

ऑगस्टमध्ये उर्होने तसलंच एक जुनं पिस्तूल आणलं आणि तीन नळ्या माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या.

"ही," सगळ्यात जाडजूड नळीवर हात ठेवून तो म्हणाला. पंधरा इंच लांब, पंचेचाळीस-सत्तर मापाची, काडतूस अंगठ्याएवढं. "हिची गोळी लागली की हरीण जागचं हलायचं नाही."

"आणि तूही हलायचा नाहीस. डॉक्टरला आत्ताच फोन करून ठेवते."

"अगं, पिस्तुलाचा धक्का हाताला बसतो, खांद्याला नाही."

"आणि हात कुठे जोडलाय तुझा? गुडघ्याला?"

मी दहा इंची, चव्वेचाळीस मॅग्नमची नळी त्याच्यापुढे सरकवली. माझ्या पिस्तुलावर अशीच आहे: आखूड, हलकी, मचाणाच्या खिडकीत अडकत नाही. "शहाण्या माणसाने ही घ्यावी."

"शहाणं माणूस म्हणजे तू."

"आता कसं बोललास!"

तिसरी चौदा इंची होती, थर्टी-थर्टीची. बाबांच्या रायफलचं काडतूस तेच. मी तिच्याकडे धड पाहिलंही नाही. रायफलचं काडतूस पिस्तुलात घातलं की निम्मी दारू नळीबाहेर जळते, नुसता आवाज आणि जाळ, असं मी ठणकावून सांगितलं. उर्होने मान डोलावली.

आमच्या कॅम्पचा एक नियम आहे, बाबांच्या वेळेपासूनचा. ज्या खुर्चीत बसून शिकार करायची, त्याच खुर्चीत बसून कागदी ताटलीवर पाच गोळ्या मारायच्या. जितक्या अंतरावर पाचही ताटलीत बसतात, तितकीच आपली हद्द. मचाणापासून तेवढ्या अंतरावरच्या झाडाला नारिंगी फीत बांधायची आणि फितीपलीकडे चाप ओढायचा नाही, मग समोर कितीही मोठा नर उभा असो. उर्होच्या मचाणासमोर हरणं ओढा ओलांडतात ती जागा सत्तर यार्डांवर आहे. अलीकडे सगळी दलदल, मचाण पुढे नेताच येत नाही. म्हणजे सत्तर यार्डांवर पाचही बसायला हव्यात, नाहीतर त्याचा नोव्हेंबर संपला.

वाळूच्या खाणीत खुर्ची मांडली. पंचेचाळीस-सत्तर उर्होने दोनदा झाडली आणि फडक्यात गुंडाळून ठेवली. मी हसू दाबलं. मग माझी लाडकी चव्वेचाळीस. चाळीस यार्डांवर पाचही आत. सत्तरावर दोनच, बाकीच्या ताटलीच्या खाली मातीत.

"तू दचकतोस," मी म्हटलं.

"मी? मुळीच नाही."

"पिस्तूल मी भरून देते. तू तिकडे बघ."

मी रिकामंच मिटून त्याच्या हातात दिलं. त्याने चाप ओढला, खट् झालं, आणि गोळी नसतानाही नळीचं तोंड वीतभर खाली गेलं. लपवायला धूर नाही, आवाज नाही. उर्होचा चेहरा पडला. मी मात्र मास्तरणीसारखी बोलत सुटले, धक्क्याच्या भीतीने हात आधीच कसा झुकतो वगैरे. तो शांतपणे उठला आणि म्हणाला, "बस. आता तू."

मी ऐटीत बसले. त्याने पाठ करून पिस्तूल भरलं, किंवा भरल्यासारखं केलं. खट्! माझी नळी त्याच्याहून खाली गेली.

"अगं बाई," उर्हो म्हणाला, "इतकी वर्षं तू वाऱ्याला नावं ठेवतेस, पिस्तुलावरच्या दुर्बिणीला ठेवतेस..."

"पुरे!"

"आणि शहाण्या माणसाने काय घ्यावं म्हणालीस?"

मला इतकी लाज वाटली, की ती तिसरी नळी मीच काढून चढवली, निव्वळ विषय बदलायला. चौदा इंचांचं वजन पुढे येतं, ते हाताला जड. पण खुर्चीत बसून नळी आधारावर टेकवली की तेच वजन तोंड दाबून धरतं. धक्का आला तो ढकलल्यासारखा, मनगटात फटका नाही. सत्तर यार्डांवर उर्होच्या तीन आत, दोन काठाबाहेर. सप्टेंबरभर उर्हो रोज सकाळी नळीवर रिकामं पितळी काडतूस उभं करून, ते पडू न देता, रिकामा चाप ओढत बसला. ऑक्टोबरात पाचही आत बसल्या. ओढ्याकाठच्या बर्चच्या झाडाला त्याने स्वतः फीत बांधली.

माझ्या चव्वेचाळीसची प्रामाणिक हद्द निघाली तीस यार्ड.

पंधरा तारखेला सकाळी पन्नास यार्डांवर एक देखणा नर माझ्याकडे बघत उभा राहिला. मी पिस्तूल मांडीवरून उचललं नाही. तो गेल्यावर थोड्या वेळाने उर्होच्या बाजूने बार झाला. मी दुसऱ्या बाराची वाट पाहत बसले. तो होऊ नये म्हणून मनातल्या मनात अक्षरशः हात जोडले. जंगल शांतच राहिलं, तेव्हा उतरून धावतच गेले.

उर्हो ओढ्याच्या अलीकडच्या काठावर बसला होता. मादी त्याच्या शेजारी पडलेली, फितीपासून चार पावलं अलीकडे. त्याचे डोळे ओले होते आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

"पडली ती उठलीच नाही," तो म्हणाला. मग माझा उतरलेला चेहरा पाहून, "तुझं काय?"

"पन्नासावर होता. सोडला."

त्याने पिस्तूल उघडलं, काडतूस काढलं, बिजागरीची खीळ ठोकून नळी मोकळी केली आणि माझ्यापुढे धरली. "तुझ्या मुठीवर बसते ही. दुपारी घेऊन जा, पण आधी खाणीत ताटली मार."

"आणि तू?"

"मी हिला सोलतो, सौना तापवतो." मग बोट रोखून म्हणाला, "पण पुढच्या वर्षी स्वतःची घे. माझी नळी मागायची नाही."

पुढच्या वर्षी, असं म्हणाला तो. मी नळी घेतली आणि खाणीकडे निघाले, कारण तिथे उभी राहिले असते तर मीही रडले असते.