मंगळवारची गोधडी

शाळेच्या बसखाली उताणा पडून हार्लन रीट्झ इंजिनाचं तेल काढत होता, तेवढ्यात कुणीतरी त्याचा पाय धरून हलवला.

"बाहेर ये, हार्लन," गॅरेजचा मुकादम म्हणाला. "तुझ्या घरचं आहे."

किराणा दुकानात, रांगेत उभी असतानाच त्याची बायको व्हर्ना कोसळली होती. डॉक्टर येईपर्यंत संपलंच होतं. दवाखान्यात तिच्या उशाशी उभा राहिल्यावर हार्लनने आपले हात पाहिले. ते काळे होते. त्याने ते खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी काउंटीच्या साप्ताहिकातून एका बाईचा फोन आला.

"निधनाच्या बातमीत नाव कसं छापायचं?"

"मिसेस हार्लन रीट्झ."

दुसरं काही सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याच्या आईच्या वेळीही वडिलांचंच नाव छापलं होतं.

तीन आठवडे गेले. शेजारणींनी जेवण भरून आणलेली काचेची भांडी धुऊन तो टेबलावर पालथी घालत होता. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी होती, पट्टीवर नाव. मिसेस कर्ट ओल्सन. मिसेस रॉय डॅन्झर. भांडी परत करायला हे बरं होतं. त्याच वेळी फोन वाजला.

"व्हर्ना आहे का?"

"कोण बोलतंय?"

"डोरिन. मंगळवारची डोरिन. तीन मंगळवार झाले, बाईसाहेबांचा पत्ता नाही! तिला म्हणावं, आता तुझी खुर्ची आम्ही मोडीत काढतोय."

"व्हर्ना गेली."

"कुठे गेली?"

हार्लनने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"वारली. तीन आठवडे झाले."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"पण पेपरात तर काहीच नव्हतं," डोरिन म्हणाली. "मी दर गुरुवारी वाचते."

"होतं. पहिल्याच गुरुवारी."

"तुमचं नाव काय?"

"हार्लन रीट्झ."

"अरे देवा." तिचा आवाज खाली गेला. "वाचलं होतं मी ते. मिसेस हार्लन रीट्झ. वाचलं आणि पान उलटलं. आम्ही एकमेकींना आडनावंसुद्धा विचारत नाही हो. ती आमची व्हर्ना होती, बस."

"तुम्ही त्या गोधडीवाल्या ना?"

डोरिन जरा थांबली. "हो. गोधडीवाल्याच."

फोन ठेवल्यावर हार्लनने आधी झोपायच्या खोलीतलं कपाट उघडलं, मग माळ्यावरची पेटी. अडीच वर्षं दर मंगळवारी गोधडी शिवायला गेलेल्या बाईच्या घरात एकही नवी गोधडी नव्हती. हे आपल्या आजवर कसं लक्षात आलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. मग ते नवल काही जाईना.

पुढच्या मंगळवारी तो धुतलेला शर्ट घालून पंधरा मैल गाडी चालवत गेला. चर्चच्या तळघरात सात बायका बसल्या होत्या. मध्ये लाकडी चौकटीवर गोधडी ताणलेली. तिचा एक कोपरा तेवढा शिवलेला होता, बाकी सगळी कोरी, आणि त्या कोऱ्या भागावर टाइपरायटर, कागद आणि कॉफीचे कप.

"या, मिस्टर व्हर्ना," कोपऱ्यातली एक ऐंशीची म्हातारी म्हणाली.

"आयडा!" डोरिन ओरडली.

"म्हणू दे त्यांना," हार्लन म्हणाला. त्याने टोपी काढली आणि शिवलेल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. "ही कधी सुरू केलीत?"

"पंच्याहत्तरच्या मार्चात. दोन आठवडे शिवली. मग बोलणंच वाढत गेलं."

"कशाचं बोलणं?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. डोरिनने भिंतीकडे बोट केलं. तिथे बायकांना समान हक्क देणाऱ्या घटनादुरुस्तीचं पोस्टर होतं.

"यंदा स्प्रिंगफील्डला विधानसभेत ती पुन्हा पाडली, तेव्हा सगळ्यांत जास्त कोण चिडलं होतं, सांगा."

"व्हर्ना?"

"कप फोडला तिने. हा इथे, जमिनीवर."

हार्लनने जमिनीकडे पाहिलं. त्या आठवड्यात घरी केक करपला होता, एवढंच त्याला आठवलं. त्यावरून त्याने तिची थट्टाही केली होती.

"अजून काय करायची?" त्याने विचारलं.

डोरिनने टाइपरायटरखालून एक कागद काढला. साप्ताहिकाच्या संपादकाला लिहिलेलं पत्र होतं. लहानच होतं. बाई जन्मते तेव्हा तुम्ही तिचं नाव छापता, ती मरते तेव्हाही छापा, असं शेवटी लिहिलं होतं.

"ते वाक्य तिचं," डोरिन म्हणाली.

खाली आठ नावं टाइप केलेली होती, आडनावांशिवाय. सातांवर सह्या होत्या. व्हर्ना या नावावरची जागा कोरी होती.

"हिने का नाही केली?"

"म्हणाली, आधी घरी बोलते. त्यासाठीच पत्र थांबवलं होतं."

हार्लन खुर्चीवर बसला. उन्हाळ्यातली एक संध्याकाळ त्याला आठवली. व्हर्ना टीव्हीशेजारी उभी राहून म्हणाली होती, हार्लन, एक विचारू? तो म्हणाला होता, बातम्या संपू देत. बातम्या संपल्या तेव्हा ती भांडी घासत होती.

डोरिनने पेन पुढे केलं. "तुम्ही करा तिच्या जागी. तुमचा हक्क आहे."

त्याने पेन घेतलं, शर्टाला हात पुसला आणि कागद जवळ ओढला.

"तिच्या जागी नको," तो म्हणाला.

सगळ्या नावांच्या खाली त्याने सावकाश लिहिलं: हार्लन रीट्झ. मग स्वल्पविराम देऊन पुढे लिहिलं: व्हर्नाचा नवरा.

आयडाने चष्मा लावून ते वाचलं. तिने त्याच्यासाठी कॉफी ओतली.

डोरिनने पत्राची घडी घातली. व्हर्नाच्या नावावरची जागा तशीच कोरी राहिली.