थंड होऊ देजो

बत्तीस वर्षं सेलूच्या शाळेत विज्ञान शिकवलं की माणसाला एक खोड लागते. कोणी विचारो न विचारो, तो सांगत सुटतो. माझी बायको छाया म्हणते, "तुमाले कोणी राम राम केला तरी तुमी त्याले काहीतरी शिकवूनच सोडता." खोटं नाही ते.

मागच्या वर्षी मी बॅटरीवरची गाडी घेतली. पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत ती पहिलीच. मे महिन्यात रोहणा गावच्या आमच्या शेतावरून परत आलो की गाडी अशी तापलेली असायची की बॉनेटवर पापड भाजावा. मग मी नियमच करून टाकला. आल्याबरोबर चार्जिंगला लावायची नाही. लिंबाखाली उभी करायची, दोन तास निवू द्यायची, मग वायर. आमच्या घरी औतावरून आलेल्या घामेजल्या बैलाला लगेच पाणी दाखवत नसत, वडिलांचा तो दंडकच होता. तोच मी गाडीला लावला. दुसरा नियम असा की बॅटरी कमी दिसली की एसी बंद. गल्लीत ज्याला त्याला हे दोन्ही नियम ऐकवून झाले. लोक मान डोलवायचे आणि मी फुगायचो.

आमची मंजुषा नॉर्वेत असते. जावई धनंजय तिथेच नोकरीला, नात अंकिता चार वर्षांची. ऑक्टोबरात मंजुषानेही बॅटरीचीच गाडी घेतली. ती दुपारी तीनला कामावरून घरी पोचायची, तेव्हा आमच्याकडे साडेसात वाजलेले असायचे. गाडीतून उतरता उतरताच ती व्हिडिओ कॉल लावायची आणि माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"थंड होऊ देजो बरं. लगेच वायर लावू नको."

"हो बाबा."

"काल दिली होती ना होऊ?"

"हो बाबा, दिली होती."

हीटरचंही सांगून ठेवलं होतं. बॅटरी उतरायला लागली की आधी तो बंद करजो, म्हटलं.

जानेवारीतल्या एका रविवारी दोघं एकदमच फोनवर आले. धनंजयचा चेहरा उतरलेला होता. गुरुवारी सकाळी उणे अठरा होतं. मंजुषा अंकिताला घेऊन चाळीस किलोमीटरवरच्या दातांच्या डॉक्टरकडे निघाली. रात्रभर वायर लावूनही बॅटरी अर्धीही भरली नव्हती, आणि अर्ध्या वाटेवर ती भराभर उतरायला लागली. मंजुषाने हीटर बंद केला. दोघींच्या श्वासाने समोरच्या काचेवर आतून बर्फ धरला. वळण दिसलं नाही, गाडी घसरली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात शिरली. लागलं कोणालाच नाही, पण मदत यायला तास गेला. अंकिताने बूट काढून टाकले होते. तिच्या पायाची दोन बोटं पांढरी पडली. ती पूर्ववत व्हायला दोन दिवस लागले.

"मामाजी, एवढी शिकलेली बाई ही," धनंजय म्हणाला. "इथं लहान पोरगंही सांगेल, गाडी घरी आली की बॅटरी गरम असतानाच वायर लावावी. गार पडल्यावर ती चार्ज घेतच नाई. सकाळी निघायच्या आधी वायर तशीच ठेवून गाडी आतून गरम करून घ्यावी. आन् बर्फात हीटर बंद करून कोणी गाडी चालवते का? आता चावी माझ्याजवळ आहे. जाईल बसनं."

मंजुषा खाली बघत होती. "माझं चुकलं. लक्षात नाई राह्यलं," एवढंच ती म्हणाली.

माझं नाव तिने काढलं नाही.

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, सांगायलाच उघडलं होतं. बाहेर पडलं ते असं : "अंकिताले दोन-दोन मोजे घालत जा."

फोन ठेवला आणि स्वतःची लाज वाटली. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते हे मी बत्तीस वर्षं शिकवलं. 'शास्त्रीय कारण द्या : थंडीत बॅटरी लवकर दमते.' दोन गुणांचा प्रश्न, किती पोरांना त्यात भोपळा दिला असेल मी! आणि स्वतःच्या लेकीला सांगताना मला आठवला तो रोहण्याचा बैल.

तीन दिवसांनी मंजुषाने बसथांब्यावरचा फोटो पाठवला. कमरेएवढा बर्फ, कडेवर अंकिता, दोघींची फक्त नाकं दिसत होती. खाली लिहिलं होतं, 'मजेत आहोत.' जेवण गेलं नाही मला.

"काऊन नाई सांगत तुमी जावयाले?" छायाने ताट उचलता उचलता विचारलं.

"सासऱ्यानं जावयापुढे कान पकडायचे?"

"पोरीनं तुमचं नाव झाकलं, आन् तुमी तिले बोलणी खाऊ देऊन राह्यले. मोठे आले सासरे!"

शनिवारी त्यांना सुट्टी असते. मीच फोन लावला, छायाला शेजारी बसवून, म्हणजे माझं धैर्य मध्येच पळून जायला नको.

"जावईबापू, चूक मंजुषाची नाई. गाडी गार होऊ दे, हीटर बंद कर, हे मीच तिले सांगत होतो. रोज सांगत होतो. तिची चावी तिले देऊन टाका."

धनंजय बायकोकडे वळून म्हणाला, "तू बोलली काऊन नाई?" तिने फोन हातात घेतला.

"बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"गाडी घेतली त्याच दिवशी शोरूमवाल्यानं सांगितलं होतं, आल्याबरोबर लावत जा."

"मग लावली काऊन नाई, बेटा?"

"तुम्ही रोज विचारत होते. खोटं 'हो' म्हणणं मले जमलं नाई."

चुकीचं सांगितलं याचं ओझं घेऊन मी आठवडाभर हिंडत होतो. आता ते ओझंच बरं होतं असं वाटायला लागलं. चूक आहे हे माहीत असून लेकीने ती पाळली, कारण तिला 'नाही' म्हणायची सवय मी कधी लागूच दिली नव्हती. ती दोन पांढरी बोटं त्या रात्री डोळ्यांपुढून हलली नाहीत.

सोमवारी साडेसातला फोन आला. चावी तिला परत मिळाली होती. ती गाडीतून उतरली, वायर हातात घेतली आणि गाडीशी नेता नेता थांबली. फोनमध्ये माझ्याकडे बघत राहिली. छत्तीस वर्षांची बाई, उणे बारा अंशात, माझ्या होकारासाठी उभी होती.

"बर्फातलं मले काई समजत नाई, बेटा," मी म्हणालो. "तू लाव."