भेदरलेली हरणं

हरणांच्या लेंड्या वाळवायच्या, दळायच्या आणि त्यांतलं ताणाचं संप्रेरक मोजायचं, हे तिचं काम. जनावराची भीती शेवटी लेंडीत उतरते. त्याला हातही न लावता त्याच्या जिवाची घालमेल आकड्यांत कळते. "एवढं शिकून काय मिळवलंस, तर लेंड्या!" असं तिचा थोरला भाऊ दर भेटीत म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

हा दादा दगडखाणीत व्यवस्थापक होता. खाणीलगतचं रान कुंपणाच्या आत येत असल्यामुळे तिथल्या लेंड्या तोच गोळा करवून बर्फाच्या डब्यातून पाठवायचा. आतल्या दाट रानातल्या लेंड्या तिची सहकारी आणायची. तिच्या अहवालावरून खाण वाढवायची की नाही, हे ठरणार होतं.

निकाल पाहून ती चक्रावली. रोज सुरुंग उडतात तिथली हरणं निवांत, आणि शांत रानातली भेदरलेली! चाचणी पुन्हा केली. आकडे जागचे हलले नाहीत.

मग मनात दादा आला, आणि एकदा आला तो जाईना. लेंड्या बदलायला कितीसा वेळ लागतो? प्राणिसंग्रहालयात हव्या तेवढ्या मिळतात. त्यात वहिनीने फोनवर सहज विचारलं, "काय गं, निकाल चांगले आले ना?"

चांगले म्हणजे कुणासाठी? दादा हल्ली जरा जास्तच गोड बोलतो, असंही तिला वाटू लागलं. डब्यावरची चिकटपट्टी तिने भिंगाखाली धरली. दोनदा चिकटवल्यासारखी दिसत होती. की एकदाच?

शेवटी एका सकाळी दादाला न कळवता ती खाणीवर गेली. पहारेकऱ्याने साहेबांची बहीण म्हणून आत सोडलं. झुडपांत ती लेंड्या वेचत असताना भोंगा झाला, सुरुंग उडाला, तिच्या पायाखालची जमीन हादरली. समोरच्या हरणीने फक्त कान हलवले आणि ती पुन्हा चरू लागली.

मागे दादा उभा होता. पहारेकऱ्याने फोन केला असणार.

"मला सांगितलं असतंस तर सोबत आलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

दादा तिच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिला, मग वळून निघून गेला.

त्या लेंड्यांचाही निकाल तोच आला. दादाने काहीही बदललं नव्हतं. तिला बरं वाटायला हवं होतं. पण मग आतली हरणं भितात तरी कशाला?

ती सहकारिणीला घेऊन दाट रानात गेली. नेहमीची पायवाट सोडून दोघी झुडपांत शिरल्या आणि सहकारी एकदम थबकली. पानांखाली तारेचा फास होता. पुढे आणखी एक, त्यात हरणाचा वाळलेला पाय. मग दिसतच गेले. शिकारी खाणीच्या दिव्यांना आणि पहाऱ्याला टाळत होते, म्हणून हरणं सुरुंगांच्या आडोशाला राहिली होती.

वनखात्याने फास काढले, दोघांना पकडलं. तिने अहवालात स्पष्ट लिहिलं: खाण निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही, हरणांना दुसरी जागाच उरलेली नाही.

दोन आठवड्यांनी दादाचा फोन आला. "आमच्या मोठ्या साहेबांना अहवालाचं फक्त पहिलं पान हवंय. हरणं निवांत आहेत, ते."

तिने कान टवकारले. हा निरोप देतोय की सावध करतोय? "मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, ती सख्ख्या भावावर विश्वास ठेवत नाही, तुमच्यावर काय ठेवणार?"

ती हसली. पलीकडून हसू आलं नाही.

"दादा, चुकलं माझं."

"पूर्ण अहवाल पाठव," तो म्हणाला. "आणि यापुढे डबे भरताना तुझं माणूस इथे हजर ठेव. मी हात लावणार नाही."

खाण वाढवायची परवानगी लांबणीवर पडली. डबे येत राहिले, व्यवस्थित बांधलेले. दादाने लेंड्यांवरून तिची चेष्टा मात्र पुन्हा कधी केली नाही.